घरी फोटो छापायचेत? आधी महिन्याचे फोटो मोजा

"फोटो चांगले येतील असा एखादा प्रिंटर सांग ना," असं कुणी म्हटलं की मॉडेलचं नाव सांगण्याआधी मी विचारतो, महिन्याला किती फोटो छापणार? समोरचा जरा हिरमुसतो, त्याला नाव हवं असतं. पण घरच्या फोटो-प्रिंटरचं सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे. दर्जा आता बऱ्याच मशीनचा बरा असतो. खरा फरक पडतो तो मशीन किती चालतं आणि किती दिवस नुसतं पडून राहतं यानं. शाईचा प्रिंटर वापरून जेवढा बिघडत नाही तेवढा न वापरून बिघडतो. आठ महिने फडक्याखाली झाकलेला आणि मुलाच्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री नुसत्या गुलाबी रेघा ओढणारा प्रिंटर ठाण्या-नवी मुंबईत कुठल्याही सोसायटीत सापडेल.

म्हणून आधी हिशेब. समजा, मशीन २०,००० रुपयांचं आहे आणि ते ५ वर्षं चालेल. महिन्याला १० फोटो छापलेत तर पाच वर्षांत ६०० फोटो होतात, म्हणजे एका फोटोमागे नुसत्या मशीनचेच ३३ रुपये. कागद आणि शाई वेगळी. महिन्याला ३० छापलेत तर तोच आकडा ११ रुपयांवर येतो, आणि २०० छापलेत तर दोन रुपयांच्याही आत. आता ठाण्यात गोखले रोडला किंवा नवी मुंबईत वाशीला, जिथे तुमचा नेहमीचा फोटोवाला असेल तिथे, ४ बाय ६ च्या एका प्रिंटचा दर विचारून या आकड्याशेजारी लिहा. वर्षाला एक सहल, एक वाढदिवस आणि गणपती एवढंच छापायचं असेल तर उत्तर तिथेच मिळतं: प्रिंटर घेऊ नका. चांगल्या लॅबमध्ये बहुधा फोटोचा खरा कागद असतो, त्यावर उजेडानं चित्र उमटवून रसायनात धुतलेलं असतं. तो प्रिंट घरच्या साध्या मशीनपेक्षा स्वस्त पडतो आणि बहुधा टिकतोही जास्त.

मग घरी छापायचं कुणी? ज्यांना छापण्यातच मजा येते त्यांनी. ज्यांना फोटो आत्ता, या क्षणी हातात हवा असतो त्यांनी. घरातले फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकायला ज्यांना नको वाटतं त्यांनी. आणि ज्यांचं छापणं खरोखरच महिन्याला तीस-चाळीसच्या वर आहे त्यांनी. यातल्या पहिल्या गटाला मी पैशाचा हिशेब सांगत बसत नाही. छंदाला हिशेब लावायचा नसतो.

लेझर प्रिंटरचा विषय एका दमात संपवतो. ऑफिसच्या कागदांना तो उत्तम, फोटोला नाही. त्यात रंगीत भुकटी कागदावर भाजली जाते, त्यामुळे चेहऱ्यावरच्या हलक्या छटा चपट्या, मेणचट दिसतात. वर आणखी एक धोका: शाईच्या प्रिंटरसाठी असलेला चकचकीत फोटो पेपर लेझरमध्ये घातला तर कागदावरचा लेप आतल्या तापलेल्या रुळावर वितळून चिकटू शकतो. मग मशीन दुरुस्तीला.

खिशात मावणारे छोटे प्रिंटरही थोडक्यात. यात दोन जाती जास्त दिसतात. एक 'झिंक' कागदाची, ज्यात रंग कागदातच असतो आणि उष्णतेनं फुलतो. दुसरी फुजीच्या इन्स्टॅक्सची. तिच्यात खरी फिल्मच असते, मशीन तिच्यावर उजेड टाकतं आणि चित्र डोळ्यांदेखत हळूहळू उमटतं. इन्स्टॅक्स मिनीचं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटरचं, म्हणजे पासपोर्ट फोटोपेक्षा थोडंसंच मोठं. बारशाला, मुलांच्या पार्टीला धमाल येते. अल्बम मात्र यावर होत नाही, आणि प्रत्येक चित्राचा खर्च चांगलाच बसतो.

राहिल्या दोन जाती, ज्यांच्यातून खरी निवड करायची असते. एक रिबनवाली, दुसरी शाईवाली.

रिबनचं मशीन

याला डाय-सब्लिमेशन म्हणतात. कॅननचं सेल्फी हे घरगुती वापरातलं सगळ्यात ओळखीचं नाव. शाईच्या बाटल्या नाहीत. एक पातळ प्लास्टिकची रिबन असते, तिच्यावर पिवळा, गुलाबी, निळा आणि शेवटी एक पारदर्शक थर असे पट्टे एकामागून एक येतात. छापायला दिलं की कागद एकदा बाहेर येतो, पिवळा होऊन आत जातो. पुन्हा बाहेर येतो तेव्हा गुलाबी चढलेला असतो आणि चेहरे भगवट दिसतात. तिसऱ्या खेपेला निळा चढला की एकदम खरा फोटो समोर येतो. चौथ्या खेपेला त्यावर पारदर्शक थर बसतो. सेल्फी सीपी१५०० वर ४ बाय ६ च्या कार्डाला साधारण ४१ सेकंद लागतात. लहान मुलं हा प्रकार टक लावून बघतात. मोठीही.

हे चालतं कसं? छापणाऱ्या पट्टीवर बारीक बारीक तापणारे ठिपके असतात. ठिपका जितका जास्त तापेल तितका रिबनवरचा रंग जास्त उडून कागदात मुरतो. म्हणजे फिकट गुलाबीसाठी थोडी आच, गडदसाठी जास्त. प्रत्येक ठिपक्याला स्वतःची छटा मिळते. म्हणूनच याच्या माहितीपत्रकात नुसतं '३०० डीपीआय' (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) लिहिलेलं असतं आणि शाईच्या प्रिंटरच्या खोक्यावर '५७६०', तरी प्रिंट शेजारी ठेवल्यावर ३०० वालं मुळीच कमी दिसत नाही. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. ते का, हे पुढे येईल.

या मशीनचा खरा गुण म्हणजे ते सहा महिने कपाटात ठेवलं तरी रुसत नाही. सुकायला शाईच नाही. वर पारदर्शक थर असल्यानं पाण्याचा थेंब, बोटांचे ठसे यांनी फोटो बिघडत नाही. आणि खर्च आधीच ठरलेला असतो: १०८ फोटोंचा संच आणला की त्यात १०८ कागद आणि ३६-३६ फोटोंच्या तीन रिबन, ना कमी ना जास्त. संचाच्या किमतीला १०८ नं भागा, झाला एका फोटोचा दर.

उणिवाही सांगायला हव्यात. पोस्टकार्डाच्या मापापुढे मोठा फोटो निघत नाही. फोटो निम्मा पांढरा असला तरी रिबनचा पट्टा पूर्णच खर्ची पडतो. कागद छापताना मशीनच्या मागूनही बाहेर येतो, त्यामुळे भिंतीला टेकवून ठेवता येत नाही. आणि धूळ! कागदावर कण बसला की तिथे रंग पोचत नाही, पांढरा ठिपका राहतो. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात ज्यांच्या खिडकीत रोज धुळीचा थर बसतो त्यांनी मशीन आणि कागद झाकूनच ठेवावेत.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. वापरून झालेल्या रिबनवर तुमच्या प्रत्येक फोटोची उलटी छाप राहते, निगेटिव्हसारखी. उजेडात धरली तर चेहरे ओळखू येतात. रिबन कचऱ्यात टाकण्याआधी ओढून बाहेर काढा आणि कात्रीनं तुकडे करा.

माझ्या मते ठाण्यातल्या दहापैकी सात घरांना, म्हणजे जिथे अधूनमधून दहा-वीस फोटो छापायचे असतात आणि तरी मशीन घरातच हवं असतं, हीच जात बरी. लोकांना ती आवडत नाही, कारण त्यावर झेरॉक्स निघत नाही, होमवर्क निघत नाही. एकाच मशीननं सगळं करावं हा आग्रह आपला जुना आहे. पण फोटोच्या बाबतीत तो महागात पडतो.

शाईचं मशीन आणि फ्लेमिंगोचा गुलाबी

शाईच्या प्रिंटरमध्ये कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडवले जातात. उडवायच्या दोन रीती आहेत. कॅनन आणि एचपी शाईला क्षणभर तापवतात, बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला चुकून तापलेलं सोल्डरिंग आयर्न (डाख द्यायचं हत्यार) लागलं आणि टोकातून शाई उडाली, त्यावरून ही कल्पना सुचली. 'बबल जेट' हे नाव तिथूनच आलं. एप्सन तापवत नाही. तिच्या हेडमध्ये, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागात, वीज दिल्यावर वाकणारा पदार्थ असतो, तो शाईला दाबतो. तापवणाऱ्या जातीतल्या काही मशीनमध्ये हेड बिघडलं तर वेगळं विकत आणून बसवता येतं. एप्सनचं हेड मशीनचाच भाग असतं, जास्त चालतं, पण गेलं तर खर्च मोठा.

आता त्या ५७६० च्या आकड्याकडे येऊ. शाईच्या प्रिंटरला एका थेंबातून फिकट रंग काढता येत नाही. थेंब पडतो किंवा पडत नाही, एवढंच त्याच्या हातात. लहान-मोठा थेंब काही मशीनना जमतो, पण शाई तीच गडद राहते. मग फिकट गुलाबी आणायचा तर गडद गुलाबीचे ठिपके विरळ टाकायचे आणि मधला पांढरा कागद दिसू द्यायचा. ठिपके पुरेसे बारीक असले की लांबून डोळा फसतो. पाडव्याला ठाण्याच्या गावदेवी मैदानात जी प्रचंड रांगोळी घालतात ती जवळून पाहिली असेल तर हे लगेच कळेल: गालावरची सावली जवळून पाहिली तर नुसते सुटे कण असतात, कठड्याशी उभं राहिलं की चेहरा दिसतो. खोक्यावरचा मोठा आकडा हा असे किती ठिपके कुठे कुठे बसवता येतात याचा आहे. तुमच्या फोटोत तेवढा तपशील आहे असा त्याचा अर्थ नाही. एका छटेसाठी अनेक ठिपके खर्ची पडतात, रिबनवालं मशीन तेच काम एका ठिपक्यात करतं. ही ती मघाची गंमत.

इथेच चार रंग आणि सहा रंग यांतला फरक सुरू होतो. घरोघरी जे टाकीवाले प्रिंटर दिसतात, ज्यांना सगळे 'इंक टँक' म्हणतात, त्यातले बहुतेक चार रंगांचे: काळा, निळा, गुलाबी, पिवळा. पत्रकं, तिकिटं, शाळेची चित्रं यांना ते उत्तम. फोटोही निघतो, वाईट नाही निघत. पण हिवाळा ते मे या काळात नेरूळच्या तळ्यावर किंवा ऐरोलीच्या खाडीवर जाऊन फ्लेमिंगो टिपणारे जे असंख्य हौशी छायाचित्रकार आपल्याकडे आहेत, त्यांनी आपला एक फोटो चार रंगांच्या मशीनवर काढून बघावा. पक्षी जवळजवळ पांढरा, त्यावर गुलाबीची नुसती झाक, मागे करडं पाणी आणि धुरकट आकाश. नेमकं तिथेच सुटे ठिपके दिसू लागतात. पंखावर कण उठतात, आकाशात पट्टे पडतात. भडक पंखाच्या कडेला मात्र सगळं छान.

सहा रंगांच्या मशीनमध्ये फिकट गुलाबी आणि फिकट निळी अशा दोन शाया जास्त असतात. फिकट छटा फिकट शाईनंच भरली जाते, ठिपके दाट पडतात पण दिसत नाहीत. एप्सनचं एल८०५ हे वर्षानुवर्षं फोटोवाल्यांचं आवडतं मशीन होतं, त्याच्यामागून एल८०५० आलं. एल८०५ चा सगळ्यात लहान थेंब दीड पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग, कल्पना करत बसू नका. कॅननच्या जी५७० आणि जी६७० मध्येही सहा शाया आहेत, पण कॅननचा विचार वेगळा: जास्तीच्या दोन शाया लाल आणि करड्या आहेत. लालमुळे कुंकू, पैठणी, झेंडू यांचे रंग भरदार येतात. करडी शाई कामाला येते ती जुन्या कृष्णधवल फोटोंना. आजी-आजोबांचा काळा-पांढरा फोटो चार रंगांच्या मशीनवर काढला की तो कधी हिरवट, कधी जांभळट झाक घेऊन येतो, कारण करडा रंग तीन रंग मिसळून बनवावा लागतो आणि मिश्रण जरा चुकलं की झाक दिसते.

असे जुने फोटो छापायचा बेत असेल तर घेण्याआधी एक बघा: एल८०५० आणि जी५७० मध्ये स्कॅनर नाही, जी६७० मध्ये आहे. आजोबांचा फोटो २ बाय ३ इंचाचा असेल आणि तो ४ बाय ६ चा करायचा असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. दुप्पट मोठा करताना त्याचे ३०० उरतात आणि तेवढे पुरतात.

टाकीवाल्या सहा रंगांच्या मशीनची अट एकच, ते चालतं राहिलं पाहिजे. आठवड्यातून एकदा एक रंगीत फोटो, किंवा निदान नोझल चेकचा (सगळ्या भोकांतून शाई येते का ते दाखवणारा) कागद, असा नियम ठेवा. हेडची भोकं केसापेक्षा बारीक असतात, शाई तिथे सुकली की बंद. मग हेड क्लीनिंग करावं लागतं, त्यात बरीच शाई वाया जाते, आणि सारखं केलं तर ती शाई शोषणारा आतला स्पंज लवकर भरतो. आणखी एक सवय मोडावी लागते: भिंतीवरचं बटण बंद करायची. आपल्याकडे वीज वाचवायला रात्री सगळे स्विच बंद करायची शिस्त असते. पण प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा. त्यामुळे हेड आपल्या जागी जाऊन रबरी टोपीखाली बसतं. मधेच वीज तोडली तर ते उघडं राहतं आणि सुकतं.

बाटलीवर लिहिलेल्या पानांच्या आकड्यावर मात्र भरवसा ठेवू नका. सहा हजार, सात हजार पानं हा आकडा मजकूर, छोटे आलेख आणि लहानसहान चित्रं असलेल्या ठरावीक नमुना-पानांवरून काढतात. फोटोत कागदाचा कोपरा न् कोपरा रंगतो. फोटोंसाठी वेगळी मोजणी असते आणि काही कंपन्या ४ बाय ६ चे किती फोटो निघतील हे वेगळं छापतात. दुकानात तोच आकडा मागा.

तीन-चार हजारांचे कार्ट्रिजवाले प्रिंटर फोटोसाठी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन स्वस्त, शाई महाग, हा धंदाच तसा आहे. त्यातल्या काहींचा एक फायदा मात्र मानावा लागेल: हेड कार्ट्रिजमध्येच असतं, त्यामुळे सुकलं तर नवीन कार्ट्रिज म्हणजे नवीन हेड.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या स्वस्त शायांचं काय, हा प्रश्न येतोच. चालतात. पहिल्या दिवशी फोटो छानही येतो. पण रंग थोडे वेगळे येतात, वर्षभरात उडण्याची शक्यता जास्त, आणि वॉरंटीवर वाद होतो. मुलांच्या प्रोजेक्टला वापरा, लग्नाच्या अल्बमला नको. आणि कॉफीचे मग, टी-शर्ट यांवर छापायची जी सब्लिमेशन शाई मिळते ती फोटोच्या टाकीत भरू नका. ती वेगळ्या कामाची आहे, कागदावर मळकट दिसते.

कागद

लोक मशीनवर पंचवीस हजार घालतात आणि कागद घेताना सगळ्यात स्वस्त पाकीट उचलतात. फोटोचा निम्मा दर्जा कागदात असतो, हे कुणाला पटत नाही.

पाकिटावर १८०, २००, २३०, २७० असे जीएसएमचे आकडे असतात. ते वजन आहे (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅम), दर्जा नाही. १८० चा कागद हातात पातळ वाटतो, शाळेच्या तक्त्यावर चिकटवायला ठीक. अल्बमसाठी २३० च्या पुढचा घ्या. पण वजनापेक्षा महत्त्वाचा असतो लेप. स्वस्त चकचकीत कागदात साध्या जाड कागदावर चमकदार लेप चढवलेला असतो, मागून तो कार्डपेपरसारखा दिसतो आणि शाई जास्त झाली की लाटा उठतात. चांगल्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्याला 'आरसी' म्हणतात. तो लॅबच्या फोटोसारखा लागतो, मागची बाजूही गुळगुळीत असते आणि तो सहजी वळत नाही.

छापायची बाजू कोणती हे कळत नसेल तर बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावा. चिकटल्यासारखं वाटलं ती छापायची बाजू.

आता आपल्या हवामानाचं. जून ते सप्टेंबर ठाणे आणि नवी मुंबई या खाडीकाठच्या दोन्ही शहरांत कागद हवेतलं पाणी पितो. मागच्या ट्रेमध्ये गठ्ठा घालून ठेवला की दोन दिवसांत कडा वाकतात, हेड त्या कडेला घासतं आणि फोटोच्या टोकाला काळा डाग येतो. लागतील तेवढेच कागद काढा, बाकी झिपच्या पिशवीत, औषधाच्या बाटलीतली ती सिलिकाची पुडी टाकून. छापलेला फोटो लगेच एकावर एक ठेवू नका आणि लगेच फ्रेमही करू नका. हाताला कोरडा लागला तरी शाईतले द्रव अजून उडत असतात, काचेच्या आतून धुकं धरतं. एक दिवस उघडा ठेवा, पावसाळ्यात दोन.

मापाचा एक छोटा घोळ आहे. ए४ कागदावर ४ बाय ६ चे चार फोटो बसतील असं सगळ्यांना वाटतं, क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच भरतं. पण ए४ ची उंची २९७ मिलिमीटर आणि दोन फोटोंची उंची जवळजवळ ३०५. आठ मिलिमीटरनं हुकतं. तीनच बसतात आणि बाकी कागद कापून टाकावा लागतो. म्हणून ४ बाय ६ चे तयार कागदच घ्या. उलट पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे. ते एका ४ बाय ६ वर चार-चारच्या दोन ओळींत बरोबर आठ बसतात. स्टुडिओवाले आठाचा संच देतात तो उगीच नव्हे.

प्रिंटरला कागद कोणता आहे हे सांगावंही लागतं. चकचकीत कागद घालून सेटिंगमध्ये 'प्लेन पेपर' तसंच ठेवलं तर मशीन शाई चुकीच्या प्रमाणात टाकतं, रंग फिके येतात, रेघा येतात. 'प्रिंटर खराब आहे' म्हणून आलेल्या तक्रारींत ही बाब पहिली बघावी. मोबाइलवरून थेट प्रिंट दिलं की कागदाचे पर्याय कमी दिसतात, कंपनीचं ॲप टाकलं की बहुधा सापडतात. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडले जातात. राउटर दोन नावं दाखवत असेल तर ५ वालं सोडून दुसरं निवडा.

फाईल

३०० डीपीआय हा फोटोसाठी पुरेसा मानतात. त्या हिशेबानं ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत. ए४ ला पावणेनऊच्या आसपास. १२ मेगापिक्सेलच्या साध्या मोबाइलमध्ये दोन्ही आरामात बसतात. अडचण कॅमेऱ्यात नसते, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असते. काकांनी लग्नाचे फोटो ग्रुपवर टाकले की ते बहुधा आकुंचन पावून लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचे होतात. ४ बाय ६ कसाबसा निघतो, ए४ काढला की चेहरे मऊ पडतात. काकांना म्हणा, 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा.' तेव्हा मूळ फाईल येते.

मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ चा कागद तीनास दोन. त्यामुळे कडेला काहीतरी कापलं जाणारच, साधारण नववा भाग. मोबाइल उभा धरून काढलेल्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या मामींचा अर्धा चेहरा जातो तो असा. छापण्याआधी स्वतः क्रॉप करा, मशीनवर सोडू नका.

"मोबाइलवर छान दिसतो, कागदावर काळपट येतो." ही तक्रार सगळ्यात जास्त येते. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त अंगावर पडलेला उजेड परत देतो. ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो ठरवला तर कागद काळपटच वाटणार. ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मग बघा. त्याहून खात्रीचा उपाय: एकाच ४ बाय ६ कागदावर तोच फोटो लहान करून चारदा छापा, एक आहे तसा, बाकीचे थोडे थोडे उजळ करत. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात धरा. कितीनं उजळ करायचं हे एकदा कळलं की त्या मशीनला, त्या कागदाला तोच आकडा कायम चालतो.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपले तीन फोटो न्या, जमलं तर स्वतःचे चार चांगले कागदही. कंपनीचा नमुना-फोटो बघून निर्णय घेऊ नका, तो कुठल्याही मशीनवर सुंदरच दिसतो. तुमच्या तीनांत एक लहान मुलाचा चेहरा असावा, गालावर मऊ सावली असलेला. दुसरा संध्याकाळच्या आकाशाचा, उपवन तलावावरचा चालेल. तिसरा संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेल्या कुणाचा तरी. चेहऱ्यावर कण दिसतात का, आकाशात पट्टे पडतात का, चंद्रकळेच्या निऱ्या वेगवेगळ्या दिसतात की सगळा एकच काळा डाग, एवढं बघा. निऱ्यांची परीक्षा फार अवघड. काही टाकीवाल्या मशीनमधली काळी शाई कागदपत्रांसाठीची असते, ती चकचकीत कागदावर धरत नाही, मग तिथला काळा बाकीचे रंग मिसळून बनवला जातो आणि तपकिरी दिसतो. प्रिंट दुकानाबाहेर नेऊनही बघा, आतल्या पांढऱ्या दिव्यांखाली दिसलेला रंग उन्हात बदलतो.

टिकण्याचे जे दावे असतात, शंभर वर्षं, तीनशे वर्षं, ते कमी वेळात खूप उजेड किंवा उष्णता देऊन काढलेले अंदाज आहेत. मोठे आकडे बहुधा अल्बममध्ये ठेवलेल्या फोटोचे असतात आणि कंपनीचीच शाई, कंपनीचाच कागद धरून काढलेले. फोटो उडतो तो उजेडानं आणि हवेतल्या ओझोननं. हॉलमध्ये उघडा चिकटवलेला फोटो लवकर फिका पडेल, तोच काचेमागे बराच टिकेल, अल्बममध्ये त्याहून जास्त.

शेवटी विक्रेत्याला विचारायचे दोन प्रश्न. वॉरंटी किती वर्षांची आणि किती पानांची, कारण बहुधा जे आधी पूर्ण होईल ते धरतात. आणि वाया गेलेली शाई शोषणारा तो आतला स्पंज भरला तर काय करायचं? काही मॉडेलमध्ये तो डबीसारखा बाहेर काढून घरीच बदलता येतो, काहींत मशीन सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. दोन मशीनमध्ये मन अडकलं असेल आणि बाकी सगळं सारखं असेल, तर डबी घरी बदलता येणारं घ्या.